इंजिनच्या हेडला व्हॉल्व्हची नवी सीट बसवताना

कास्ट आयर्नच्या हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) हात घालण्याआधी गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, तपासा. सीट कापायच्या कटरचा पायलट, म्हणजे मधली दांडी, त्यातच उभा राहतो. गाइड ढिलं असेल तर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) वाकडी कापली जाणारच.

जुनी सीट काढायला मी छिन्नी मारत नाही. सीटच्या आतून वेल्डिंगचा एक फेरा घेतो. थंड होताना ती आक्रसते आणि पेचकसाने उचकटते.

मग खाच बोअर करायची आणि मापायची. चाळीसेक मिमीच्या सीटला मी ०.०८ ते ०.१० मिमी दाब ठेवतो, म्हणजे सीट खाचेपेक्षा तेवढी मोठी. एकदा घाईत ०.०४ वर भागवलं. आठवड्यात ट्रॅक्टर परत दारात, सीट सुटलेली, पिस्टनचा चुरा. खर्च माझ्या खिशातून.

सीट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (मटाराच्या पिशवीशेजारी, बायको अजून बोलते), हेड १५० अंशांपर्यंत तापवा. चॅम्फरची (उतरत्या कडेची) बाजू खाली, ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) सरळ, आणि ठोका. तळाला टेकली की आवाज टणक होतो. तिरकी गेली तर ठोकत बसू नका, बाहेर काढा.

हेड निवल्यावर व्हॉल्व्हच्या कोनाला, बहुधा ४५ अंशांवर, कापा. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवा. दीडेक मिमीचा पट्टा कुठेही न तुटता गोल उमटला पाहिजे.