सिम्पसन वाळवंट ओलांडण्यापूर्वीचा हिशेब

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील निर्जन वाटांवर जायचे म्हणजे गाडीत जमेल तितके सामान भरायचे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इंधन, पाणी आणि वजन ही तीन गणिते एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक बदलले की उरलेली दोन्ही बदलतात. म्हणून प्रवासाचे नियोजन खरेदीपासून नव्हे, तर कागद आणि पेन्सिलीपासून सुरू करावे.

पहिल्याच प्रवासासाठी मध्य ऑस्ट्रेलियातील वाळूच्या टेकड्यांचे सिम्पसन वाळवंट निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मरी ते मार्ला हा सुमारे 620 किलोमीटरचा ऊडनाडाटा ट्रॅक किंवा मरी ते बर्ड्सव्हिल हा 517 किलोमीटरचा बर्ड्सव्हिल ट्रॅक आधी करावा, कारण या दोन्ही वाटांवर मध्येच इंधन मिळते आणि गाडीची व आपली सहनशक्ती कळते. विलुना ते हॉल्स क्रीक हा सुमारे 1850 किलोमीटरचा कॅनिंग स्टॉक रूट मात्र बऱ्याच अनुभवानंतरच हाती घ्यावा. तेथे इंधन कोठे व कसे मिळवायचे याची व्यवस्था निघण्याच्या कितीतरी आधी करून ठेवावी लागते.

सिम्पसनसाठी मे ते सप्टेंबर हा काळ योग्य होय. दिवस सुसह्य असतात, मात्र रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो, त्यामुळे ‘वाळवंट’ या शब्दावर विसंबून गरम पांघरुणे घरी ठेवू नयेत. या वाळवंटातील मुंगा-थिरी–सिम्पसन वाळवंट राष्ट्रीय उद्यान उन्हाळ्यात, 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात, बंद असते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीसाठी आणि क्वीन्सलंडच्या हद्दीतील मुक्कामासाठी परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. अन्य वाटा आदिवासी समाजांच्या मालकीच्या भूमीतून जात असतील, तर त्यांच्या भूमी परिषदांची परवानगी लागते आणि ती हाती पडण्यास वेळ लागू शकतो. पावसानंतर रस्ते बंद केले जातात. निघण्याच्या दिवशी सकाळी त्या त्या राज्याच्या रस्ते विभागाची ताजी माहिती पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

आता मूळ हिशेबाकडे वळू. वाळवंटाच्या पश्चिमेकडील माउंट डेअर ते पूर्वेकडील बर्ड्सव्हिल हे फ्रेंच लाइन या वाळूच्या टेकड्या ओलांडणाऱ्या वाटेने सुमारे 500 किलोमीटरचे अंतर असून मध्ये कोठेही इंधन मिळत नाही. डांबरी रस्त्यावर 100 किलोमीटरला 12 लिटर डिझेल घेणारी गाडी मऊ वाळूत 20 ते 25 लिटर घेऊ शकते. 22 लिटर धरले तरी 110 लिटर लागतील, आणि वाट बंद निघाली, परत फिरावे लागले किंवा वाळूची एखादी टेकडी चार प्रयत्नांनी चढली तर त्यासाठी आणखी 40 लिटर हवेत. म्हणजे 90 लिटरची टाकी आणि 20 लिटरचे तीन कॅन. पाणी माणशी दररोज 10 लिटर धरावे. चार दिवसांचा प्रवास आणि गाडी बिघडल्यास वाट पाहण्याचे चार दिवस धरून दोघांसाठी 160 लिटर, अर्थात 160 किलो, होतात. त्यात कॅनमधील डिझेलचे सुमारे 50 किलो, दोन माणसे, फ्रिज, दुसरी बॅटरी, दोन स्टेपन्या, हत्यारे आणि अन्न मिळवा. पुढचा लोखंडी बंपर आणि टपावरचा कॅरियर यांचे वजन तर आधीच गाडीवर असते. भार सोसण्याची मर्यादा नकळत कधी ओलांडली गेली, हे कळतही नाही. म्हणून सर्व सामान, माणसे आणि इंधन भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन उत्पादकाने ठरवलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहावी. आकडा जास्त आला तर पाण्याला हात लावू नये; खुर्च्या, भांडी, जादा कपडे उतरवावेत. टपावर फक्त हलके सामान असावे, कारण वरचे वजन आडव्या उतारावर गाडी कलंडवू शकते. पाणी एकाच मोठ्या टाकीत न ठेवता तीन-चार कॅनमध्ये विभागावे. पन्हळी पत्र्यासारख्या रस्त्याच्या सततच्या हादऱ्यांनी नळ सैल झाला, तर थेंबाथेंबाने रात्रभरात एक कॅन रिकामा होईल, सगळे पाणी नाही.

टायरमधील हवेकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. खडीच्या रस्त्यावर 26 ते 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) आणि मऊ वाळूत 16 ते 18 पीएसआय ठेवले की टायर खालून पसरतो, त्याचा ठसा लांब होतो आणि वाळू उकरण्याऐवजी गाडी तिच्यावरून सरकते. हवा कमी केल्यावर वेग कमी ठेवावा आणि वळणे झटक्यात घेऊ नयेत, अन्यथा टायर रिमवरून निघू शकतो. वाळू संपताच हवा पुन्हा भरण्यासाठी चांगला कॉम्प्रेसर बरोबर असावा. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे तुलनेने सोपे पडते, कारण टेकड्यांचा पश्चिम उतार सौम्य असतो. गाडीवर जमिनीपासून किमान 3.5 मीटर उंच झेंडा लावणे बंधनकारक आहे. टेकडीच्या माथ्यापलीकडून येणाऱ्या चालकाला आपली गाडी दिसण्यापूर्वी तो झेंडा दिसतो. गाडीतील दुतर्फा बोलण्याच्या यूएचएफ रेडिओचे चॅनल 10 सुरू ठेवून माथ्यावर जाण्याआधी आपली जागा सांगावी.

गाडी रुतल्यास आधी फावडे, मग चाकांखालच्या पाट्या, आणि ओढण्याचा पट्टा सर्वांत शेवटी. तो पट्टा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही अडकवू नये. तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि अशा अपघातांत ऑस्ट्रेलियात माणसे दगावली आहेत.

स्पिनिफेक्स गवताकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. त्याचे सुके तुरे व काड्या एक्झॉस्टभोवती साचतात आणि पेट घेतात; बिया रेडिएटरच्या जाळीत बसून इंजिन तापवतात. गवताळ पट्ट्यात दर थांब्यावर गाडीखाली वाकून काड्या काढाव्यात आणि अग्निशामक सिलिंडर सामानाखाली न पुरता हाताशी ठेवावा.

मोबाइलला येथे रेंज मिळत नाही. सॅटेलाइट फोन आणि नोंदणी केलेला 406 मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा संकेत पाठवणारे उपकरण) हवेत. बीकनची नोंदणी ऑस्ट्रेलियन सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे विनामूल्य होते. बिघाड झाल्यास गाडी सोडून चालत जाऊ नये. विमानातून माणसापेक्षा गाडी कितीतरी सहज दिसते, आणि सावलीही तीच देते. 1963 च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचे एक कुटुंब इंधन संपून अडकले आणि गाडीपासून दूर गेल्यावर तहानेने दगावले.

भाड्याची गाडी असेल तर करार बारकाईने वाचावा, कारण अनेक करार कच्च्या रस्त्यांना मनाई करतात आणि मग विमाही लागू राहत नाही.

निघण्यापूर्वी घरच्या एका व्यक्तीकडे मार्ग, मुक्कामाची ठिकाणे, गाडीचा रंग व क्रमांक, सोबत्यांची नावे आणि पोहोचण्याची अपेक्षित वेळ लिहून द्यावी. त्याखाली ‘या वेळेनंतर 24 तासांत निरोप न मिळाल्यास पोलिसांना कळवावे’ असे स्पष्ट लिहावे, आणि बर्ड्सव्हिलला पोहोचताच, इंधन भरण्याच्याही आधी, त्या व्यक्तीला फोन करावा.