शेतावर ओल्ड-टाइम बँडची मैफल आणि पॉटलक: या चुका टाळा

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या नैऋत्येकडच्या डोंगरांत आमचं शेत आहे. गेलॅक्स हे गाव इथून फार लांब नाही. १९३५ पासून तिथे फिडलवाल्यांचं (फिडल म्हणजे व्हायोलिनच) संमेलन भरतं. त्यामुळे आसपास फिडलवाल्यांना आणि बॅन्जो, म्हणजे गोल चामडी तोंडाचं तारवाद्य, वाजवणाऱ्यांना तोटा नाही. आम्ही शेतावर ओल्ड-टाइमच्या, म्हणजे इथल्या डोंगरांतल्या जुन्या लोकसंगीताच्या, तीन मैफली केल्या, सोबत पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, आणि पहिलीत चुकायचं काही बाकी ठेवलं नाही.

पहिला घोळ म्हणजे ओल्ड-टाइम म्हणजे त्यातूनच पुढे निघालेलं ब्लूग्रासच, असं धरून चालणं. ब्लूग्रासमध्ये वादक आळीपाळीनं पुढे येऊन आपलं कसब दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये सगळे मिळून एकच धून पुन्हा पुन्हा घोळवतात, कारण ती मुळात नाचासाठीची. त्यामुळे उंच मंच, चार-पाच माइक हा सगळा खर्च वाया जातो. साठ-सत्तर माणसांना मधोमध एक चांगला कंडेन्सर माइक (जरा लांबचा आवाजही टिपणारा) आणि भोवती अर्धगोलात बँड, एवढं पुरतं. माइक शिट्टी मारायला लागला तर आवाज कमी करण्याआधी स्पीकर कुठे आहेत ते बघा. ते माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. आमचे मागे होते. नाचणारे येणार असतील तर प्लायवूडची एक फळी जमिनीवर टाका. गवतावर पावलांचा ठेका ऐकू येत नाही.

दुसरी चूक उन्हाची. फोटो छान येतील म्हणून आम्ही बँडला पश्चिमेकडे तोंड करून बसवलं. जूनमध्ये इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणजे साडेसहाला ऊन थेट वादकांच्या डोळ्यांत आणि वाद्यांवर. तबला उन्हात चढतो आणि दमट हवेत उतरतो, तसंच कातडं लावलेल्या बॅन्जोचं होतं. दुपारी लावलेला बॅन्जो रात्री दव पडल्यावर ढिला बोलतो. तेव्हा बँडला गोठ्याच्या किंवा झाडाच्या सावलीत बसवा, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांवरही ऊन येणार नाही असं बघा. वाद्यं बंद गाडीत ठेवू देऊ नका, उष्णतेनं फिडलचा सरस सुटतो.

मधेच फर्माईश करणं ही तिसरी. एका पट्टीतल्या चार-पाच धुना वादक सलग घेतात, कारण पट्टी बदलली की बॅन्जो नव्यानं लावावा लागतो आणि पुष्कळदा फिडलसुद्धा. पहिल्या वर्षी मीच हौसेनं क्रम छापून दिला होता, त्यात दर धुनेला पट्टी वेगळी! निम्मा वेळ खुंट्या पिळण्यात गेला. मैफलीत तानपुरा लागेपर्यंत आपण गप्प बसतोच ना, मग इथेही बसा.

खुर्च्या बिनहाताच्या हव्यात. हाताच्या खुर्चीत बॅन्जो मांडीवर बसत नाही आणि गजाचं कोपर अडतं. श्रोत्यांना गवताच्या गठ्ठ्यांवर बसवणार असाल तर वर जुनी चादर टाका, नाहीतर अर्धे लोक शिंकत बसतात.

आता जेवण. ‘काहीही आणा’ असं कळवलंत की बटाट्याचं सॅलड आणि ब्राउनी यांचा डोंगर होतो आणि पोटभरीचं काहीच नसतं. आडनावाच्या आद्याक्षरावरून वाटणी करून द्या, आणि मुख्य पदार्थ स्वतः रांधा. आम्ही मोठ्या पातेल्यात पिंटो बीन्स (राजम्यासारखे) आणि सोबत कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव, करतो. इथल्या माणसांना ते घरचं वाटतं, आणि बीन्समध्ये डुकराचं मांस घातलं नाही की आपली शाकाहारी मंडळीही जेवतात. पहिल्या वर्षी जेवण मध्यंतरात ठेवलं होतं. मेयोनेजचं सॅलड पाच वाजल्यापासून टेबलावर! इथला नियम सोपा आहे: शिजवलेलं किंवा नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून आधी जेवण, मग उरलेलं उचलून फ्रिजमध्ये, मग संगीत. थंड वाडगे बर्फ भरलेल्या परातीत ठेवा.

प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय आहे याची चिठ्ठी हवीच. माझ्या काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट होतं आणि चिठ्ठीवर नुसतं ‘काकडी’. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईनं वेळेवर विचारलं म्हणून निभावलं. दाण्याचं कूट आपल्याला मिठासारखं, त्यामुळे ते सांगायचं सुचतच नाही.

बँडची ताटं आधीच वाढून, झाकून ठेवा. वाजवायच्या आधी ते पोटभर जेवत नाहीत, आणि नंतर टेबलावर नुसते चमचे उरतात. पैसे गोळा करायला टोपी फिरवणार असाल तर ते आधी सांगा, आणि जमा होईल ते सगळं बँडला द्या.

बाकी किरकोळ: विजेचं कुंपण बंद करा, गाड्यांसाठी उताराची ओली जागा टाळा, भाड्याचं शौचालय मागवा, शेताच्या विम्यात असा कार्यक्रम बसतो का ते एजंटला विचारा. कोंबडा लांब बांधा. आमचा दर धुनेच्या शेवटी आरवायचा.

एक चूक मात्र दोन वर्षं केली. नऊला टाळ्या झाल्या की आम्ही खुर्च्या घड्या करायला लागायचो, आणि ज्यांनी आपापली वाद्यं गाडीत आणली होती ते तसेच घरी जायचे. तिसऱ्या वर्षी दहा खुर्च्या अक्रोडाखाली गोल मांडून ठेवल्या, एक दिवा चालू ठेवला आणि कॉफी चढवली. शेवटची गाडी साडेबाराला गेली.