कॉलेजात राजकीय मतभिन्नतेला जागा कशी करावी

वर्गात साठ जण आहेत, राजकीय प्रश्न निघतो, चौघे बोलतात आणि बाकीचे वहीत डोकं घालून बसतात. उरलेल्या छप्पन्न जणांना मतच नाही असं धरून पुढं गेलात, की पहिली चूक झाली. मत बहुतेकांना असतं. ते बोलून दाखवलं तर मित्र काय म्हणतील, मॅडम गुण कापतील का, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकेल का, याचा हिशेब मनात चालू असतो. वेगवेगळ्या विचारांचे वक्ते बोलावणं त्या मानानं सोपं, पण त्यानं हा हिशेब बदलत नाही. म्हणून सुरुवात वर्गापासून करावी. खालची पद्धत शिक्षकांना किंवा चर्चा मंडळ चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना एका शैक्षणिक सत्रात राबवता येते.

आधी मौन मोजा

‘मी वर्गात माझं राजकीय मत मुद्दाम लपवलं आहे’ या वाक्यावर हात वर करायला सांगितलं, तर मत लपवणारा हातही लपवणारच. निनावी चिठ्ठीतही अक्षर ओळखू येण्याची भीती असते. यावर एक जुना आणि चांगला उपाय आहे. संशोधक स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या कल्पनेचं हे सोपं रूप.

प्रत्येकानं कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर डोळे मिटून ‘हो’ लिहायचं, काटा आला तर खरं उत्तर लिहायचं. आता कुणाचाही ‘हो’ त्याच्यावर शेकू शकत नाही, कारण तो छाप्याचा असू शकतो. समजा २०० चिठ्ठ्यांत १३० ‘हो’ निघाले. साधारण १०० ‘हो’ छाप्याचे धरून बाजूला काढा. उरलेल्या १०० चिठ्ठ्यांत ३० ‘हो’, म्हणजे मत लपवणारे सुमारे ३० टक्के.

या पद्धतीची किंमत अचूकतेत मोजावी लागते. २०० जणांत हा आकडा १३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, ५० जणांत तब्बल २६. म्हणून एकाच वर्गात करू नका, चार-पाच वर्ग एकत्र घ्या. आणखी एक अडचण हमखास येते: छापा आलेले काही जण ‘आपण कबुली देतोय असं दिसेल’ या धास्तीनं ‘नाही’ लिहितात आणि आकडा खोटाच कमी येतो. आधी एखाद्या निरुपद्रवी प्रश्नावर एक सराव फेरी घेतली की हे बरंच कमी होतं.

सोबत वेगळ्या कागदावर दोन प्रश्न विचारा. एखाद्या ठरावीक मुद्द्यावर तुमचं मत काय? आणि वर्गातले किती टक्के तुमच्याशी सहमत असतील? अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांत मोठी तफावत आढळली, तर ती फळ्यावर लिहा. आपण एकटे पडलो आहोत असं वाटणारा गप्प बसतो, तो गप्प बसला की त्याच्यासारखे इतरही स्वतःला एकटे समजतात. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली याला मौनाचं आवर्त म्हटलं. खरा आकडा सगळ्यांसमोर आला की या आवर्ताचा जोर ओसरू लागतो.

प्रश्न निवडताना

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ‘अमुक पक्ष चांगला की वाईट’ हा प्रश्न चर्चेसाठी निकामी आहे, कारण त्याचं उत्तर म्हणजे माणसाची ओळख होऊन बसते आणि ओळखीवर कुणी माघार घेत नाही. धोरणाचा नेमका प्रश्न घ्या. मतदानाचं वय १६ करावं का? ऑस्ट्रियानं २००७ मध्ये केलं. मतदान सक्तीचं असावं का? ऑस्ट्रेलियाच्या संघीय निवडणुकांत १९२४ पासून आहे.

मग प्रश्नाचे तीन तुकडे करा आणि फळ्यावर तीन रकाने आखा: काय घडलं, काय घडेल, काय योग्य. सक्तीनं मतदानाची टक्केवारी वाढली का, हा पहिला रकाना; तो पुराव्यानं सुटतो, आरडाओरड्यानं नाही. सक्तीमुळं लोक विचारपूर्वक मत देतील का, हा अंदाज. मत न देण्याचाही हक्क असतो का, हा मूल्याचा प्रश्न, आणि खरी मतभिन्नता बहुतेक वेळा इथंच असते. रकाने न आखता चर्चा सुरू केली, तर मूल्यावरचं भांडण आकड्यांच्या आडून चालतं आणि तासाभरानंतरही कुणाला कळत नाही की आपण नक्की कशावर भांडतो आहोत.

सिद्ध झालेल्या गोष्टीला ओढूनताणून दुसरी बाजू देऊ नका. उलट जे समाजात आणि अभ्यासकांत खरोखर वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. जर्मनीत बॉयटल्सबाख इथं १९७६ साली राजकीय शिक्षणाबद्दल जी तत्त्वं ठरली, त्यांत हे एक आहे. विद्यार्थ्यावर मताचा मारा करून त्याला दडपून टाकायचं नाही, हे दुसरं. आमच्या मते शिक्षकांनी ही दोन तत्त्वं स्टाफरूममध्ये लावून ठेवावीत.

वाचनासाठी प्रत्येक बाजूचा दोन पानांचा एक मजकूर पुरे, मात्र तो त्या बाजूवर मनापासून विश्वास असणाऱ्यानं लिहिलेला हवा. विरोधकानं केलेला सारांश चालत नाही. खात्री करायची तर त्या मताच्या माणसाला विचारा, ‘तुमची बाजू सांगायला तुम्ही हाच मजकूर निवडाल का?’

बैठक

गट आठ जणांचा, वेळ ९० मिनिटं. मतं आधी चिठ्ठीवर घ्या आणि गट असे पाडा की अल्पमतातले किमान दोघे एकत्र येतील. दोघांचा हा आकडा सहज घेतलेला नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे मिळून चुकीचं उत्तर देत असताना एकटा माणूस अनेकदा त्यांचीच री ओढायचा. पण बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तर हे प्रमाण साधारण चौथाईवर यायचं. दोघे मिळत नसतील तर दुसऱ्या विभागातून बोलवा. एकट्यालाच त्या बाजूचा प्रतिनिधी करून ‘तुमच्या लोकांना काय वाटतं?’ विचारणं ही सर्रास होणारी आणि फार वाईट चूक आहे.

‘मग कुणाला तरी खोटा विरोधक करू’ हा मार्ग फसवा. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत नेमलेल्या विरोधकापेक्षा खऱ्या असहमतीनं लोक अधिक मोकळेपणानं नवे विचार करू लागले. एकाच मताचे सगळे एकत्र बसवणं तर त्याहून घातक. १९६९ साली मॉस्कोव्हिची आणि झावालोनी यांनी फ्रेंच विद्यार्थ्यांना फ्रान्सचे नेते द गॉल आणि अमेरिकी लोक यांच्याबद्दल चर्चा करायला लावली. मुळात जिकडं कल होता, तिकडंच मतं आणखी झुकली.

वेळेची वाटणी अशी: ५ मिनिटं नियम, १० मिनिटं शांतपणे वाचन आणि स्वतःच्या मताची एक ओळ लिहिणं, २० मिनिटं पूर्वपक्ष, ३५ मिनिटं चर्चा, १० मिनिटं पुन्हा लेखन, शेवटची १० मिनिटं कोणता वाद कोणत्या रकान्यातला होता ते ठरवणं.

यातला पूर्वपक्ष हा बैठकीचा प्राण. आपल्या शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचं म्हणणं आधी पूर्ण मांडून मगच त्याचं खंडन करत. तेच इथं करायचं. जोड्या लावा. समोरच्याचं मत त्याच्यासमोर मांडायचं आणि तो ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढायचा नाही. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांना जमत नाही. ‘म्हणजे तुम्हाला गरिबांची पर्वा नाही’ असं कुणी मांडलं, तर तो आरोप झाला. थांबवून पुन्हा मांडायला लावा. घाई करू नका, चर्चेची पाच मिनिटं गेली तरी चालतील.

सूत्रसंचालकानं स्वतःच्या विशेषणांवर लक्ष ठेवावं. एका बाजूला ‘छान मुद्दा’ आणि दुसऱ्या बाजूला नुसतं ‘बरं, पुढं’, एवढ्यानंही वर्गाला कळतं की वारा कुठला आहे. कुणाच्या बोलण्यावर हशा झाला तर त्याच क्षणी थांबवा. तो हसण्यावारी नेला, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही.

फोन, गुण आणि शिक्षकांचं मत

फोन दाराशी खोक्यात. बाहेर मुद्दे सांगायला हरकत नाही, पण कोण बोललं ते सांगायचं नाही. लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेत १९२७ पासून चालत आलेला हा नियम कॉलेजातही उत्तम चालतो.

लेखी काम तपासताना नाव झाका. १० पैकी ४ गुण पूर्वपक्षाला, ३ पुराव्याला, ३ स्वतःच्या मतावरच्या सर्वांत कठीण आक्षेपाला दिलेल्या उत्तराला. निष्कर्षाला शून्य, आणि हे आधीच लेखी द्या. शिक्षकांनी आपलं मत सांगावं का? विचारलं तर सांगावं, पण गुण देऊन झाल्यावर.

वक्ते बोलावताना

नियम वाद पेटण्याआधी लिहून ठेवा: कोण बोलावू शकतं, किती दिवस आधी कळवायचं, सभागृह कसं मिळतं. सुरक्षेचा खर्च वक्त्याच्या मतावरून किंवा विरोधकांच्या धमकीवरून ठरवू नका, नाहीतर धमकी देणाऱ्याच्या हाती कार्यक्रम बंद पाडण्याची किल्ली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली सार्वजनिक सभांच्या शुल्काबाबत असाच निकाल दिला. निषेधाला जागा ठेवा: दाराबाहेर घोषणा, आत फलक, प्रश्नोत्तरांत निम्मा वेळ. वक्त्याचा आवाज बुडवणं मात्र चालणार नाही.

राजकीय वादांवर संस्थेनं स्वतः पत्रकं काढू नयेत. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हन समितीनं १९६७ मध्ये हेच सांगितलं: टीका करणारा एकेकटा शिक्षक किंवा विद्यार्थी असतो, विद्यापीठ नव्हे. संस्थेनं बाजू घेतली की त्या मताशी असहमत असलेला कनिष्ठ शिक्षक सर्वांत आधी गप्प होतो.

सत्राच्या अखेरीस नाण्याची चाचणी पुन्हा घ्या, त्याच वर्गांत आणि त्याच शब्दांत. किती जणांची मतं बदलली हे मोजू नका. मत लपवणाऱ्यांचा आकडा उतरला का आणि सहमतीचा अंदाज प्रत्यक्षाजवळ आला का, एवढंच बघा. सुरुवातीला ३० टक्के असेल आणि आता २५ आला, तर २०० जणांच्या चाचणीत तो फरक वर सांगितलेल्या इकडेतिकडे होण्याच्या मर्यादेतच आहे. पुढच्या सत्रात जास्त वर्ग घेऊन पुन्हा मोजा.