महाविद्यालयाच्या आवारात पाणी, वीज आणि कचरा कसा कमी करावा

पर्यावरण या विषयावर भित्तिपत्रकांची स्पर्धा भरवणे सोपे असते. स्पर्धा संपल्यावर उरलेले चमकीचे कागद, फुगे आणि चहाचे पेले कुठे जातात याचा माग काढणे मात्र कंटाळवाणे असते, आणि हा लेख त्या कंटाळवाण्या कामाविषयी आहे. कालिन्याचे विद्यापीठ संकुल किंवा पवईची आयआयटी यांसारखे मोजके अपवाद सोडले तर मुंबईतील महाविद्यालयांकडे झाडे लावायला मोकळी जमीन फारशी नाही. त्यामुळे वृक्षारोपणाचा मोह बाजूला ठेवून रोजच्या वापरातील पाणी, वीज, अन्न आणि कागद यांकडे आधी वळावे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, पण कँटीनचालक, शिपाई मामा, प्रयोगशाळा सहायक आणि सफाई करणाऱ्या मावशी वर्षानुवर्षे तिथेच असतात. त्यांना विश्वासात घेऊन आणि त्यांचे काम न वाढवता केलेला बदलच टिकतो.

पहिली पायरी : एक आठवडा नोंदी

संपूर्ण महाविद्यालय एकदम हाती घेऊ नये. एक मजला किंवा एक इमारत निवडावी आणि आठवडाभर साध्या वहीत नोंदी कराव्यात : किती नळ गळतात, कोणत्या वर्गात कुणी नसताना पंखे फिरतात, कचऱ्याच्या डब्यात वरवर काय दिसते, कँटीनमधल्या ताटांत काय उरते. पदवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प करावाच लागत असेल, तर विकतचे चित्रतक्ते चिकटवण्यापेक्षा हीच पाहणी प्रकल्प म्हणून सादर करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचे असते. कार्यक्रम अधिकाऱ्यांची संमती घेतल्यास त्यांतले काही तास या कामाला देता येतील. कार्यालयाकडून मागील वर्षाची वीजबिलेही मागून घ्यावीत, कारण वापरलेली युनिट बिलावर लिहिलेली असतात आणि पुढे काही फरक पडला का, हे त्यावरूनच कळते.

कँटीन आणि ओला कचरा

सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण फरक सर्वांत लवकर इथे दिसतो. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते, त्यामुळे तो खतात कुजत नाही आणि रद्दीवालाही तो घेत नाही. कटिंग चहा काचेच्या ग्लासातून देणे हा उपाय मुंबईला नवा नाही. अडचण येते ती ग्लास गोळा करण्याची आणि धुण्याची. म्हणून कँटीनचालकाकडे मागणी घेऊन जाताना तोडगाही सोबत न्यावा. खिडकीजवळ ग्लास परत ठेवण्याचा ट्रे असावा, वर्गात ग्लास नेणाऱ्याकडून थोडी अनामत रक्कम घ्यावी आणि स्वतःचा पेला आणणाऱ्याला त्यातच चहा मिळावा. वडापाव किंवा समोसा वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देण्याची पद्धतही बंद करण्याचा आग्रह धरावा. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने असा कागद वापरू नये असे सांगितलेले आहे; तिथेच उभे राहून खाणाऱ्याला स्टीलची बशी पुरते. प्लास्टिकच्या नळ्या, चमचे आणि ताटल्या अजूनही मिळत असतील तर नियमाकडे बोट दाखवता येते : महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून अशा एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे.

ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात, हे सर्वांना पाठ असते. तरीही डबे चुकतात, कारण ते एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात आणि माणूस जवळच्या डब्यात हातातले टाकून मोकळा होतो. दोन्ही डबे नेहमी शेजारी ठेवावेत आणि त्यांवर शब्दांऐवजी वस्तूंची चित्रे लावावीत. सॅनिटरी पॅड वेगळे, कागदात गुंडाळून आणि खूण करून द्यावेत, म्हणजे ते हाताळणाऱ्या मावशींना धोका राहत नाही. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून कचरा साठत आला आहे आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर शहराच्या मोठ्या भागावर पसरला होता. ओला कचरा सुक्यात मिसळून अशा ठिकाणी पोहोचला की तो हवेअभावी कुजतो आणि त्यातून ज्वलनशील मिथेन तयार होतो. मोठ्या संस्थांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवावा, अशी महापालिकेचीही अपेक्षा आहे.

त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. बाजूंना भोके पाडलेला एक पिंप घ्यावा, तळाशी वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा, त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा टाकावा आणि प्रत्येक थरावर पुन्हा पाने पसरावीत. सुरुवातीला मांस, दूध आणि तेलकट रस्सा टाळावा. आठवड्यातून एकदा मिश्रण वरखाली केल्यास साधारण दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. दुर्गंधी आली तर ओलावा जास्त झाला असे समजून सुकी पाने किंवा लाकडाचा भुसा वाढवावा. मुंबईत हा प्रयोग बहुधा पावसाळ्यात फसतो, कारण जुलैमध्ये सुकी पाने मिळत नाहीत. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आवारातील पाने झाडून जाळण्याऐवजी पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावीत आणि पिंपावर छत असावे.

पाणी

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हेच दोन शहराच्या हद्दीत आहेत. भातसा आणि तानसा यांसारखे मोठे स्रोत ठाणे जिल्ह्यात आहेत. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येते, तिथल्याच अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. गळक्या नळाकडे पाहताना एवढे आठवले तरी पुरे. सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसात ८६,४०० थेंब पडतात, म्हणजे एका नळातून अंदाजे वीस लिटर, एक बादलीभर पाणी जाते. वॉशर बदलायला फारसा खर्च येत नाही. तो बदलला जात नाही, कारण तक्रार कुणाकडे करायची हे कुणाला माहीत नसते. प्रत्येक मजल्यावर तक्रारवही ठेवावी आणि तिच्यात नळाचा क्रमांक, तक्रारीची तारीख आणि दुरुस्तीची तारीख असे रकाने आखावेत.

पिण्याच्या पाण्यासाठी बसवलेल्या आरओ यंत्राविषयी थोडे कठोर बोलायला हवे. हे यंत्र क्षार काढण्यासाठी असते आणि ते करताना बरेच पाणी वाया घालवते. मुंबईच्या तलावांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, त्यामुळे केवळ महापालिकेचे पाणी येत असेल तर गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र पुरेसे ठरते. टाकीची नियमित सफाई त्याहून महत्त्वाची. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर मात्र आधी तपासणी करून घ्यावी. आरओ आधीच बसवलेले असल्यास त्याचे सांडपाणी पिंपात धरून फरशी पुसायला वापरावे.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कंडेन्सरकडे, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळीकडे, लक्ष द्यावे. नळाला जोडलेल्या कंडेन्सरमधून प्रयोग संपेपर्यंत स्वच्छ पाणी बेसिनमध्ये वाहत राहते. कूलरमध्ये असतो तसा लहान पंप एका बादलीत ठेवून तेच पाणी फिरवता येते. बादलीतले पाणी फार तापले की बदलायचे, एवढीच खबरदारी.

वीज

एका वर्गात ७५ वॉटचे आठ पंखे आणि २० वॉटच्या दहा एलईडी नळ्या आहेत असे धरू. रिकाम्या वर्गात हे सगळे दोन तास चालू राहिले तर १.६ युनिट वीज जाते. असे वीस वर्ग असतील तर दिवसाला ३२ युनिट. ‘वर्गातून जाताना पंखे बंद करा’ ही पाटी मात्र फारशी उपयोगी पडत नाही. फळ्याशेजारच्या लांबलचक स्विचबोर्डवर कोणते बटण कशाचे, हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून येणारा सगळीच बटणे दाबतो आणि जाणारा एकही दाबत नाही. एका दुपारी दोघांनी बसून प्रत्येक बटणावर क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक त्या पंख्याजवळ चिकटवावा. त्यामुळे पहिल्या दोन बाकांवरच मुले असतील तेव्हा तेवढेच पंखे लावता येतात. जळालेला पंखा बदलण्याची वेळ आली की सुमारे ३० वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा घ्यावा, असे कार्यालयाला सुचवावे. वातानुकूलित सभागृहात तापमान २४ अंशांवर ठेवावे. प्रत्येक अंश वाढवल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

कागद आणि पुस्तके

जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, पाने एकाच बाजूला लिहिण्याची सक्ती अनेक विभागांत केवळ परंपरेने चालू आहे. वर्गप्रतिनिधीने सत्राच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांना पाठपोट लिहिण्याची लेखी परवानगी मागावी; जर्नल निम्मे झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. पाठ्यपुस्तकांसाठी ग्रंथालयाची पुस्तकपेढी किंवा किंग्ज सर्कलच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांची दुकाने आधी पाहावीत. बिघडलेले चार्जर, केबल आणि बॅटऱ्या वेगळ्या खोक्यात जमवून अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्याव्यात, कारण तांब्यासाठी केबल उघड्यावर जाळल्या की विषारी धूर होतो.

प्रवासाबद्दल लोकलचा पास काढणाऱ्या मुलांना काय सांगायचे? दुचाकी घेण्याचा विचार करणाऱ्यांनी मात्र आधी सवलतीच्या पासाचा अर्ज महाविद्यालयाच्या खिडकीवरून आणावा.

फेस्टिव्हल

वर्षभर वाचवलेले तीन दिवसांत उधळले जाते ते इथे. आयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत, म्हणजे प्रायोजकांशी बोलणी होण्यापूर्वी, तीन अटी लिहून घ्याव्यात : सजावटीत थर्माकोल नको, कारण त्यावर बंदीच आहे, स्वयंसेवकांना बाटलीबंद पाण्याऐवजी भरून घेण्यासाठी पिंपे, आणि जेवणाच्या पाकिटांची संख्या आदल्या संध्याकाळच्या हजेरीवरून. प्रायोजक नमुन्यांच्या पिशव्या वाटणार असतील तर त्यांची वेष्टने परत नेण्याची जबाबदारी करारातच घालावी. फलकांसाठी फ्लेक्सऐवजी कापड वापरावे आणि त्यावर महोत्सवाचे नाव रंगवताना वर्ष किंवा प्रायोजकाचे चिन्ह घालू नये. ते वेगळ्या पट्टीवर लिहून टाचणीने लावावे, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त पट्टी बदलावी लागेल.