‘सिफू’मध्ये सारखे मरताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन, खिडकीत कूलर, आणि कूलरच्या ऐन तोंडाशी स्टुलावर लॅपटॉप ठेवून आमचा पुतण्या ‘सिफू’ खेळत बसलेला. मी चहा घेऊन आलो तोवर त्याचा विशीतला नायक म्हातारा झाला होता, केस पांढरे, दाढी पांढरी. “काका, मी बटन दाबून रायलो ना, हा हातच उचलत नाही!” त्याचं म्हणणं, लॅपटॉप बिघडला. माझं म्हणणं, तूच बिघडला. चार दिवस उलटसुलट करून पाहिल्यावर कळलं की दोघंही निम्मे बरोबर होतो. या गेममध्ये बहुतेक पोट्टे इथंच फसतात. हाताची चूक लॅपटॉपवर ढकलतात आणि लॅपटॉपची चूक स्वतःवर घेऊन गेम सोडून देतात.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘सिफू’ म्हणजे गुरू, उस्ताद. पॅरिसच्या स्लोक्लॅप नावाच्या स्टुडिओनं तो बनवला. ८ फेब्रुवारी २०२२ ला प्लेस्टेशन आणि पीसीवर आला, त्याच वर्षी नोव्हेंबरात निन्टेंडो स्विचवर, आणि मार्च २०२३ मध्ये स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) व एक्सबॉक्सवर. गोष्ट जुन्या कुंगफू पिक्चरची असते तशीच: बापाचा खून, लेकराचा सूड, पाच दुश्मन. आमच्या लहानपणी गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन पिक्चर चालायचे, तिसरा हमखास चिनी मारामारीचा. पहाटे डोळे चोळत पाहिलेले ते पिक्चर या गेममध्ये जागोजाग भेटतात. नायकाची शैली पाक मेई नावाची, दक्षिण चीनमधली, जवळून लढायची. पाक मेईचा अर्थ ‘पांढरी भुवई’. मरून उठताना दर वेळी म्हातारा होणाऱ्या गड्याला हे नाव शोभतं.

आता चुका.

पहिली चूक, दोष कुणाचा हे न तपासता बोंब मारणं. गेममध्येच तालीम आहे, तिला वूग्वान म्हणतात. तिथं सरावाला गडी उभा करता येतो. त्याचा वार अंगावर यायच्या क्षणाला गार्डचं, म्हणजे वार अडवायचं, बटन टिचकीसारखं दाबायचं, याला पॅरी म्हणतात. वीस वार घ्या. तालमीत पंधरा जमले आणि लढाईत दोन, तर दोष हाताचा किंवा घाईचा. तालमीतही सगळे एकसारखे उशिरा पडत असतील, तर यंत्राकडे पहा. आणखी एक सोपी परीक्षा आहे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बटनावरचं बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत धरून शूट करा. बोट दाबल्यावर हात कधी हलतो ते डोळ्यांनी दिसतं, वादच राहत नाही.

आमच्याकडं ही परीक्षा केली तेव्हा दुपारी उशीर दिसला, पहाटे नाही. मग लॅपटॉप उलटा केला.

आमचं घर आर्वी तालुक्यात, कापसाच्या पट्ट्यात. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच पडून असतो, कधी पुढच्या खोलीत छताला टेकेपर्यंत. त्याच गंजीला पाठ लावून पुतण्या हिवाळाभर खेळलेला. खालची पट्टी स्क्रू काढून उघडली, तर पंख्याच्या तोंडाशी राखाडी रंगाची एक गादीच बसलेली. चिमट्यानं ओढली तर नमद्यासारखी अख्खी निघून आली, बोटभर लांब, तिच्यात एक सरकीचं टरफलही. हवा जायला जागाच नव्हती. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि ‘सिफू’सारख्या गेममध्ये वेग कमी झाला की पॅरीची वेळ चुकते. कापसाच्या घरात लॅपटॉप गादीवर, चादरीवर किंवा मांडीवर ठेवू नका. लाकडी पाट घ्या, त्याखाली दोन्ही बाजूंना पेन्सिल सरकवा. सीझन संपला की एकदा पंखा साफ करून घ्या. साफ करताना पाती बोटानं धरा. जोराची हवा मारली की ती गरगर फिरून बेअरिंग जाते.

कूलरचं काय? कूलरची हवा थंड असते पण ओली असते. लॅपटॉपवर थेट सोडली की धूळ चिखलासारखी चिकटते, आणि पाण्याचे तुषार आले तर विचारूच नका. कूलर माणसावर, लॅपटॉप बाजूला.

लाइटचा प्रश्न तर आपल्याकडं सांगायलाच नको. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लाइट गेली की लॅपटॉप बंद पडत नाही, म्हणून आपण खेळत राहतो. मात्र बॅटरीवर आला की बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्सचा जोर कमी करतात. पुतण्याला वाटायचं, गेममधल्या क्लबच्या टप्प्यात गेम मुद्दाम अवघड होतो. क्लबचा काही दोष नव्हता. त्या वेळी डीपीवर लोड यायचा आणि लाइट जायची. बॅटरीवर असाल तेव्हा तालीम करा, दुश्मनाच्या वाटेला जाऊ नका. डेस्कटॉपवाल्यांनी घरातल्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नये. साधा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर चालू व्हायला जो पापणी लवायचा वेळ घेतो, तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो. काही इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटन असतं, ते पहा. नसेल तर पीसीला वेगळा यूपीएस लावा.

टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करावा. चित्र चकचकीत करायच्या नादात काही टीव्ही सेकंदाचा दहावा भाग सहज खातात. सिरियल पाहताना कळत नाही, इथं तेवढ्यात नायकाचं थोबाड फुटतं. लॅपटॉप दमत असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये आधी सावल्या कमी करा, मग रिझोल्यूशन. चित्र फाटत नसेल तर ते फाटू न देणारं व्ही-सिंक नावाचं सेटिंग बंद ठेवा, त्यानंही बटन उशिरा लागल्यासारखं वाटतं.

कीबोर्डवर खेळता येतं, पण स्वस्तातल्या कीबोर्डला तीन बटनं एकदम दाबलेली समजत नाहीत. गार्ड धरून, दिशा देऊन, वर मुक्का मारायला गेलात की तिसरं बटन गिळलं जातं. तेव्हा शिव्या हाताला पडतात. जमलं तर वायरवाला कंट्रोलर घ्या. जुना घेत असाल तर दुकानातच त्याची दिशा द्यायची काठी (स्टिक) सोडून पहा. कुणी हात न लावता नायक एका बाजूला चालत सुटला, तर तो कंट्रोलर परत ठेवा.

आणि पेन ड्राइव्हवरून आलेली कॉपी. नैतिकता बाजूला ठेवू, नुकसान सांगतो. मे २०२२ मध्ये आलेल्या अपडेटनं स्टुडंट, डिसायपल आणि मास्टर अशा तीन पातळ्या दिल्या. त्याआधीची कॉपी असेल तर सोपी पातळीच नाही. माझ्या ओळखीच्या एका पोट्ट्यानं सहा महिने डोकं आपटलं, नंतर कळलं की त्याच्या कॉपीत स्टुडंट हा पर्यायच नव्हता. विकत घेतलेली असेल आणि डाउनलोड मध्येच तुटलं असेल, तर पुन्हा पहिल्यापासून डेटा जाळू नका. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइल तपासायचा पर्याय चालवा. जेवढ्या फाइल खराब तेवढ्याच परत येतात.

यंत्राचं झालं. आता हात.

आमच्या शेजारी एक पहिलवान काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी आपले देशी खेळ दाखवले, त्या मंडळात तरुणपणी दोन उन्हाळे काढून आलेले. एका संध्याकाळी ते ओसरीवरून पाहत होते. पुतण्या चारही बटनं बडवत होता. काका म्हणाले, “अबे, तू काय शेंगा फोडून रायला का? त्याच्या कमरेकडं पाह्य ना. हात खोटं बोलते, कंबर खोटं बोलत नाही.” त्यांना कंट्रोलर कुठून धरायचा हेसुद्धा माहीत नाही. पण त्या एका वाक्यानं जे साधलं ते यूट्यूबच्या दहा व्हिडिओंनी साधलं नव्हतं.

बडवाबडवीचा तोटा असा की दाबलेलं बटन वाया जात नाही, नायक तो वार मारतोच. तुम्हाला थांबायचं असतं तेव्हा तो आधीच्या चुकीची बाकी फेडत असतो. समोरच्याच्या वारांची मालिका संपू द्या, मग दोन-तीन वार करा आणि हात आवरा.

दुसरं म्हणजे गार्ड धरून उभं राहणं. खाली स्ट्रक्चरची पट्टी असते. गार्ड धरून मार खात राहिलात की ती भरत जाते, आणि भरली की पवित्रा मोडतो, तुम्ही उघडे पडता. नवशिका जिवाच्या पट्टीकडं पाहतो, मरतो मात्र स्ट्रक्चरच्या पट्टीमुळं. दुश्मनालाही हीच पट्टी आहे. तुमची प्रत्येक पॅरी त्याची पट्टी भरते. त्याची फुटली की दोन बटनांचा शेवटचा दणका द्यायचा, त्यात तुमचा थोडा जीवही परत येतो. म्हणजे जीव मिळवायचा तर मागं पळून मिळत नाही.

पळण्यावरून आठवलं. झटकन बाजूला उडी मारणं वेगळं आणि जागेवर राहून वार चुकवणं वेगळं. गार्ड धरून काठी खाली ओढली की नायक डोक्यावरचे वार झुकून चुकवतो. वर ढकलली की पायावरचा झाडू वार उडी मारून चुकवतो. जवळजवळ सगळे जण पहिले दोन दिवस हे उलटं करतात, आणि खालून पाय झाडणारा दुश्मन आला की तोंडावर आपटतात. इथं पुन्हा काकांची कंबर कामाला येते. कंबर खाली बसली की वार पायावर.

आता वयाचा हिशेब. हा नीट समजला नाही तर बाकी सगळं शिकून उपयोग नाही. नायक २० वर्षांचा असतो. मेला की त्याच्याकडचा नाण्यांचा जादूचा ताईत त्याला उठवतो, पण मरणाचा आकडा एकनं वाढतो आणि तेवढी वर्षं वयात पडतात. पहिलं मरण एक वर्षाचं, दुसरं दोन, तिसरं तीन. आकडा कमी केलाच नाही तर वय असं जातं: २१, २३, २६, ३०, ३५, ४१, ४८, ५६, ६५, ७५. दहा मरणांत पंच्याहत्तरी गाठली. दर दहा वर्षांना ताइताचं एक नाणं फुटतं. सत्तरी ओलांडली की पाचही फुटलेली असतात आणि त्यानंतरचं मरण खरं. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे, पहिले दोन हप्ते हसत जातात.

व्याज उतरवायची सोय आहे. तगड्या दुश्मनांना हरवलं की आकडा एकनं उतरतो. काही साधे गडी शेवटच्या दणक्याला हात झटकून उठतात आणि दुप्पट जोरानं येतात. पोट्टे त्यांना टाळतात. टाळू नका, तो तुमचा आकडा उतरवायला आलेला असतो. दुसरं, पुढचा टप्पा तुम्ही आधीचा ज्या वयात संपवला त्या वयात सुरू होतो. म्हणून पहिला टप्पा ५६ व्या वर्षी संपवून “जिंकलो” म्हणत पुढं जाणं ही सगळ्यात महाग चूक. मागं जा, पहिलाच टप्पा पुन्हा खेळा, चोविशीत संपवा. वय वाढलं की मुक्क्यात जोर येतो पण जीव कमी होतो, आणि काही डाव म्हातारपणी शिकताही येत नाहीत.

डाव शिकण्यातही लोक गेममधले पॉइंट उधळतात. एकदा घेतलेला डाव त्या खेपेपुरता. कायमचा हवा असेल तर त्याच डावावर आणखी पाच वेळा पॉइंट घालावे लागतात. थोडं याला, थोडं त्याला असं केलं की खेप संपल्यावर हाती काही उरत नाही. एक डाव धरा, पूर्ण करा, मग दुसरा.

सामानाकडं दुर्लक्ष करू नका. बाटली, झाडू, स्टूल, सगळं कामाचं. पायाशी पडलेली बाटली लाथेनं थेट दुश्मनाच्या तोंडावर जाते. चौघांनी घेरलं तर टेबलावरून पलीकडं जा, म्हणजे ते एकामागं एक येतात. पहिल्या टप्प्यात एक लांब बोळ लागते, तिथं कॅमेरा बाजूनं दिसू लागतो आणि दोन्हीकडून गडी येतात. तिथं मागं सरकायला जागाच नाही, कारण मागंही कुणी आहे. आधी जिकडं एकटा आहे ती बाजू साफ करा.

त्या टप्प्याच्या शेवटी पाच दुश्मनांतला पहिला, फजार, भेटतो. पहिल्या फेरीत रिकाम्या हातानं, दुसऱ्या फेरीत बांबूच्या बनात कोयता घेऊन. पहिली फेरी जिंकल्याच्या खुशीत सगळे धावत जातात आणि कोयत्यावर पडतात. धावू नका. पहिली दोन मरणं नुसतं पाहण्यात घालवली तरी चालतील, एकही मुक्का मारू नका, फक्त चुकवा. पुतण्यानं तसं केलं आणि दिवाळीच्या सुट्टीत फजारला तेविसाव्या वर्षी पाडलं. त्याच वेळी थ्री फेज आली, गावातले पंप चालू झाले, ट्यूबलाइट मिचमिचली, आणि यूपीएस टूं-टूं करायला लागला. पण तो टिकला. त्याची बॅटरी दिवाळीआधीच बदलली होती. तुमच्या यूपीएसची दोन-तीन वर्षं जुनी असेल तर लाइट असतानाच एकदा प्लग काढून किती मिनिटं टिकते ते मोजून ठेवा.