संकेतस्थळासाठी छायाचित्रे तयार करताना या चुका टाळा

संकेतस्थळ मंद चालते अशी तक्रार असली, की लोक आधी होस्टिंगवाल्याला बोल लावतात, महागडा प्लॅन घेतात आणि त्यानेही फरक पडला नाही की माझ्याकडे येतात. मी प्रथम छायाचित्रांचे फोल्डर उघडतो आणि दुखणे बहुधा तिथेच सापडते.

सर्वांत जुनी आणि न संपणारी चूक म्हणजे कॅमेऱ्यातले छायाचित्र जसेच्या तसे चढवणे आणि पानावर ते लहान दिसते म्हणून फाइलही लहान झाली असे मानणे. दापोलीजवळच्या एका घरगुती निवासाचे संकेतस्थळ मी केले होते. छायाचित्रे मालक स्वतःच चढवणार होते आणि मी घाईत ‘चढवा’ म्हणून मोकळा झालो. पुण्यात फायबरच्या जोडणीवर सारे झकास दिसले. आठवड्याभरात त्यांचा फोन आला: “अहो, पाहुणे विचारतायत, फोटो कुठे आहेत? नुसत्या पांढऱ्या चौकटी दिसतात म्हणे.” पाहिले तर २२ छायाचित्रे, प्रत्येक ६००० बाय ४००० पिक्सेलचे आणि सुमारे ७ एमबीचे, म्हणजे एका पानावर १५४ एमबी. प्रवासात मिळणाऱ्या ४ एमबीपीएसच्या (सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे जेमतेम अर्धा एमबी) वेगाने ते पान पूर्ण उतरायला पाच मिनिटे लागत होती आणि दिसायचे होते काय, तर ४०० पिक्सेल रुंदीचे चित्र!

माझ्याकडून उत्तर मिळेपर्यंत मालकांना धीर निघाला नाही. त्यांनी फुकटच्या कुठल्याशा साधनातून सगळ्या फायलींची गुणवत्ता (जतन करताना निवडायचा, बहुधा १०० पर्यंतचा आकडा) ३० वर आणली. आकाशात पट्टे उमटले, माडांच्या झावळ्यांचा चिखल झाला आणि पिक्सेल मात्र तेवढेच राहिले. फाइल कितीही दाबली (कॉम्प्रेस केली) तरी ब्राउझर ती दाखवताना पूर्ण उलगडतो; दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर असे एक छायाचित्र फोनच्या स्मृतीत ९६ एमबी जागा अडवते, आणि जुना फोन पान सरकवताना अडखळतो तो यामुळेच. म्हणून आधी लांबी-रुंदी कमी करावी आणि मगच गुणवत्तेला हात लावावा. दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठी मी दिसणाऱ्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे इथे ८०० पिक्सेल ठेवतो. मूळ फायलींवरून पुन्हा काम केल्यावर प्रत्येक छायाचित्र सरासरी ८० केबीच्या आसपास बसले आणि सारे पान दोन एमबीच्या आत आले.

गुणवत्तेचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे, आणि एका सॉफ्टवेअरमधले ७५ दुसऱ्यातल्या ७५ सारखे असतीलच असेही नाही. नवशिक्यांना एकच आकडा हवा असतो. तो मी देत नाही. मी सर्वांत अवघड छायाचित्र निवडतो, त्यात बारीक पाने असतात किंवा मोकळे आकाश, आणि ते प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकारात पाहत आकडा खाली आणत जातो. डाग दिसू लागले की दोन पायऱ्या मागे येतो.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते. दुकानाची छायाचित्रे मागितली, की ती व्हॉट्सअॅपवरून येतात. तिथे ती एकदा दाबली गेलेली असतात. मग कोणी त्यांवर नाव टाकून पुन्हा जतन करतो, आणि संकेतस्थळाचे प्लगइन, म्हणजे चित्रे आपोआप लहान करणारे जोड-सॉफ्टवेअर, तिसऱ्यांदा पिळून काढते. जेपीईजी, म्हणजे छायाचित्रांच्या फाइलचे नेहमीचे स्वरूप, बदल करून जतन करताना दरवेळी काही तपशील गमावते आणि तो परत आणता येत नाही. व्हॉट्सअॅपच वापरायचे असेल, तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. माझ्या संगणकावर ‘मूळ’ नावाचे एक फोल्डर असते, ज्यातली फाइल मी कधीही बदलत नाही. सारी कापाकापी प्रतीवर.

उरलेल्या चुका थोडक्यात. छायाचित्र पीएनजीमध्ये ठेवू नये. ते स्वरूप बोधचिन्हासाठी आणि रेखाकृतींसाठी ठीक, छायाचित्राला वेबपी किंवा जेपीईजी पुरते. आयफोनची एचईआयसी फाइल तशीच चढवल्यास अनेक ब्राउझरांत ती दिसतच नाही. ‘७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) करून द्या’ ही मागणी छपाईच्या जगातून आलेली अंधश्रद्धा आहे. पडद्यावर फक्त पिक्सेल मोजले जातात. घरी काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद असू शकते, ती पुसावी. मात्र त्याच नोंदींबरोबर छायाचित्र उभे की आडवे हेही पुसले जाते, त्यामुळे आधी ते खरोखर फिरवून घ्यावे. प्रत्येक चित्राची रुंदी व उंची कोडमध्ये लिहावी, नाहीतर चित्र उशिरा येऊन मजकूर ढकलते आणि वाचकाचे बोट बटणावर टेकेपर्यंत बटण खाली सरकलेले असते. आणि ‘लेझी लोडिंग’ (चित्र पडद्याजवळ येईपर्यंत ते न मागवणे) सरसकट लावू नये: पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या चित्राला ते लावले, की ब्राउझर नेमके तेच उशिरा मागवतो. दापोलीच्या पानावर ही शेवटची चूक मीच केली होती, आणि ती माझ्या लक्षात यायला आणखी महिना गेला.