घोडी येण्याआधी कुलूप आणा

येत्या रविवारी टेम्पोतून एक घोडी येतेय. वरातीची. लग्नाच्या तिथी संपल्या, आता तुळशीच्या लग्नापर्यंत कमाई नाही, म्हणून मालकाने रस्त्यावर सोडलेली. मागच्या खेपेला अशीच एक आणली होती आणि ती चौथ्या दिवशी दगावली. तयारी कमी नव्हती, एकच गोष्ट राहिली. म्हणून ही यादी. लिहितोय स्वतःसाठीच, पण तुमच्यापैकी कुणी असं जनावर घरी आणायच्या बेतात असेल तर नीट वाचा.

बादल्या, दोर, मोहरकी, खराऱ्याचा ब्रश. हे सगळे आणतातच.

कुलूप. हे कुणी आणत नाही. चंदीच्या, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या पेटीला कुलूप, हरभऱ्याचं पोतं त्या पेटीत, आणि फाटकालाही एक कुलूप. गेल्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की लसूणघास सोडून काही द्यायचं नाही. मी घरभर सांगितलं, शेजारीही सांगितलं. पण पोतं गोठ्यात उघडंच होतं. बरगड्या मोजता येणारं जनावर समोर उभं असलं की आपल्या माणसांचा हात थांबत नाही. पोरांनी गुळाचे खडे दिले, मामांनी भिजवलेले हरभरे दिले, कुणी शिळ्या पोळ्या आणल्या. प्रत्येकाला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय.

काय होतं ते सांगतो. उपाशी शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरून असतं. त्यात एकदम दाणा, गूळ पडला की रक्तात साखर चढते, इन्सुलिन सुटतं आणि ते फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये ओढून नेतं. त्यांचा साठा आधीच तळाला गेलेला. मग हृदय, श्वास, मूत्रपिंडं एकेक करत ढासळतात. तेही त्याच रात्री नाही, तीन ते पाच दिवसांनी. तोवर आपण खूश असतो की बाई खायला लागली.

तर द्यायचा तो वाळवलेला लसूणघास. (लसणाशी संबंध नाही, हा ल्युसर्न नावाचा चारा. शहरातल्यांसाठी सांगितलं.) त्यात स्टार्च कमी, प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम बरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांसाठी बसवलेला क्रम असा: पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, म्हणजे दिवसातून सहा वेळा, रात्री दोनलासुद्धा. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवशी दर आठ तासांनी दोन किलोच्या आसपास. दहा दिवसांनंतर दोन वेळा, खाईल तितका. हे आकडे साडेचारशे किलोच्या घोड्याचे आहेत. आपली देशी घोडी अडीचशे-तीनशेची असेल तर त्या हिशेबाने कमी, आणि शेवटचा शब्द डॉक्टरांचा. म्हणून ताणकाटा आणा. ‘एक पेंढी’ हे माप नाही. पावसाळ्यात हिरवा घास मिळतो, वाळलेला शोधावा लागतो, तेव्हा आधीच भरून ठेवा. ओल लागून बुरशी आलेला एक मूठही देऊ नका. गव्हाचा कोंडा ‘हलका’ म्हणून देतात, तोही नको. आणि कुलूप आणलंत का?

जमिनीवर कडबा किंवा पेंढा पसरू नका. भुकेली घोडी अंथरूणच खाईल, की झाला हिशेब वाया. लाकडाचा भुसा टाका.

पाणी सतत. पण टाकीपेक्षा बादलीत, म्हणजे किती प्यायली ते कळतं.

थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधा, का ते एकदा हरवला की कळेल. धडधाकट घोड्याचं तापमान 99 ते 101 फॅरनहाइट, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. वहीत लिहा. लीद किती वेळा झाली तेही. दोन वेळा लीद दिसली नाही किंवा घोडी वळून पोटाकडे बघायला लागली तर सकाळची वाट बघू नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन पहिल्या भेटीतच, कारण तंगाने आणि खोगिराने सोललेली पाठ असतेच आणि घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. त्याच वेळी रक्त घ्यायला सांगा, ग्लँडर्ससाठी (घोड्यांचा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग) आणि सर्रासाठी (चावऱ्या माशांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग). ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो सरकारला कळवावा लागतो. त्याच्या नमुन्यांची खात्री हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. निकाल येईपर्यंत हातमोजे घाला, बादली वेगळी ठेवा, घरचं दुसरं घोडं लांब बांधा.

आल्या दिवशी चारी बाजूंनी फोटो काढा. पोलिसांत तक्रार झाली असेल तर 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या प्रकरणात लागतात. आणि महिन्याने तुम्हालाच धीर येतो.

सहा धडधाकट माणसांचे फोन नंबर गोठ्याच्या दारावर लिहा. बसलेली घोडी उठली नाही तर ती एकट्याच्याने हलत नाही, आणि एका कुशीवर तासन्‌तास ठेवून चालत नाही.

जंताचं औषध पहिल्या आठवड्यात घाईने नको, लीद तपासून डॉक्टर सांगतील तेव्हा. दातांची वाढलेली धारदार टोकं कानशीने घासून घ्यायची, तेही अंगात थोडी ताकद आल्यावर. अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडत असतील तर आधी सांगा. नालबंदाला बोलवा, पण वर्षभराचं वाढलेलं खूर एका दिवसात कापू देऊ नका. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. वजन टेपने: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880, की किलो आले. दर आठवड्याला.

पुढचं थोडक्यात. अंग भरायला तीन ते पाच महिने. हाताने चालवणं, मग मोकळं सोडणं. पाठीवर बसायचं नाव काढू नका. चंदी सुरू करायची ती डॉक्टर म्हणतील तेव्हा, मूठभराने.

तोवर कुलूप. आणि किल्ली स्वतःकडे नको. मागच्या वेळी तिसऱ्या रात्री ती मला बघून खिंकाळली आणि मी स्वतः ओंजळभर हरभरे दिले होते. या वेळी किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवतोय. त्यांना घोडे आवडत नाहीत.